जागेचा भरवसा, शब्दाचा भरवसा

महाराष्ट्रातल्या शाळेत किंवा सार्वजनिक ग्रंथालयात एक वही हमखास सापडते : जडवस्तुसंग्रह नोंदवही. टेबले, बाके, लोखंडी कपाटे, भिंतीवरची घड्याळे, पंखे अशा टिकाऊ वस्तू तिच्यात क्रमाने उतरलेल्या असतात. अलीकडे या यादीत एक नवी ओळ दिसू लागली आहे : 'टच पॅनल, नग १'. पुढे खरेदीचा दिनांक, बिलाचा क्रमांक, पुरवठादार आणि किंमत. नोंद चोख असते. पण टेबल एकदा जागेवर ठेवले की काम संपते. पॅनल मात्र जोडणीवर जगते. त्या जोडणीबद्दल वहीत अवाक्षर नसते.

जुन्या मराठी मासिकांच्या फायली हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी ग्रंथालये पालथी घालताना एक अनुभव वारंवार येऊ लागला. कागद ठिसूळ झाल्यामुळे मूळ अंक हाताळायला मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अंकांच्या प्रतिमा दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतात आणि त्या पॅनलवर वाचायच्या असतात. पॅनल मात्र बंद. कारण विचारले की दोन शब्दांचे उत्तर मिळते, "नेट नाही." अंक कपाटात आहे, त्याची प्रतिमाही आहे, आणि वाचक रिकाम्या हाताने परत जातो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, अभियांत्रिकीशी संबंध नाही. पण ज्या दारातून आपले वाङ्मय यापुढे ये-जा करणार, त्याची कडी कशी उघडते हे वाचकालाही ठाऊक असावे, असे वाटल्यामुळे मी हा विषय वाचून, विचारून आणि प्रत्यक्ष हाताळून शिकत गेलो. 'नेट नाही' या दोन शब्दांमागे नेमके काय काय असू शकते, ते या लेखात मांडतो.

तार आधी की बिनतारी आधी?

पॅनलच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क' उघडले की दोन नावे समोर येतात : 'इथरनेट' आणि 'वाय-फाय'. पहिली तारेची जोडणी, दुसरी बिनतारी. तार जुनी आणि बिनतारी नवी, असा आपला सहज समज असतो. तारायंत्र आधी आले आणि रेडिओ नंतर, त्यामुळे तो स्वाभाविक आहे. इथरनेटच्या बाबतीत मात्र क्रम उलटा लागला.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' नावाचे जाळे सुरू केले. विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर, मध्ये समुद्र. म्हणून संदेश रेडिओलहरींवरून धाडायचे ठरले. सगळ्यांची लहर एकच. मग दोघे एकाच वेळी बोलले तर? अब्रॅमसन यांचे उत्तर साधे होते. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोन संदेश आदळून खराब झाले, पोच आली नाही, तर प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावा. थांबण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा, म्हणून पुन्हा टक्कर होण्याची शक्यता कमी.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातले रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचे लेखन वाचले. ही शिस्त त्यांनी सुधारून तारेवर आणली आणि मे १९७३ मधल्या एका टिपणात नव्या जाळ्याला 'इथरनेट' म्हटले. प्रकाश ज्या माध्यमातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, ते 'ईथर'. १८८७ च्या मायकेलसन-मॉर्ली प्रयोगाने त्या कल्पनेला मोठा धक्का दिला होता. मेटकाफ यांनी तिचे नाव एका केबलला दिले. म्हणजे भिंतीतून येणारी आपली लॅनची केबल हवेतल्या जाळ्याकडून बोलण्याची रीत शिकली, आणि नावही तिने हवेचेच घेतले.

बोटाने चालणारा पडदाही याच काळातला. १९६५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी त्याची कल्पना प्रसिद्ध केली. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी स्पर्शपडदे घडवले. ते १९७६ मध्ये वापरात आले. हजारो कळांऐवजी गरजेपुरत्या कळा पडद्यावर दाखवायच्या, हा त्यामागचा विचार होता. शाळेतले पॅनल आजही तेच करते.

तार : जागेचा भरवसा

लॅनची केबल म्हणजे आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. पीळ शोभेसाठी नसतो. शेजारून विजेची वायर गेली असेल तर तिचा उपद्रव जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि पलीकडे दोन्हींतला फरक मोजला की तो वजा होऊन जातो. टेलिफोनसाठी ही युक्ती ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच पेटंट केली होती. अशी केबल १०० मीटरपर्यंत भरवशाची मानतात. राउटर कार्यालयात आणि पॅनल मैदानापलीकडच्या इमारतीत असेल, तर मध्ये स्विच तरी हवा किंवा फायबर तरी.

पॅनलला केबल लावली की बहुधा आणखी काही विचारले जात नाही. सॉकेटजवळचा बारीक दिवा लुकलुकतो आणि जोडणी होते. पासवर्ड नाही, नाव नाही. या साधेपणात एक गृहीत दडलेले आहे : जो या सॉकेटपर्यंत पोचला, तो घरातला माणूस. तार माणसाला ओळखत नाही, ती जागा ओळखते. खोलीला कुलूप असेल तर हा भरवसा भक्कम ठरतो. पण पॅनल वाचनकक्षात, सर्वांच्या वावरात असेल, तर त्याची केबल काढून कोणीही स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो आणि ग्रंथालयाच्या अंतर्गत जाळ्यात शिरू शकतो. म्हणून सार्वजनिक जागी सॉकेट पॅनलच्या मागे, हात सहज पोचणार नाही असे घ्यावे. पासवर्ड जे काम करतो, ते इथे सुताराला करावे लागते.

बिनतारी : शब्दाचा भरवसा

हवेला भिंत नाही. राउटरची लहर खिडकीतून रस्त्यावर जाते, शेजारच्या दुकानात जाते. तिथे 'कुठे आहेस' या प्रश्नाला अर्थ उरत नाही. विचारायचे ते 'तुला काय ठाऊक आहे'. हेच पासवर्डचे काम. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारत, तसेच.

फरक एवढाच की इथे परवलीचा शब्द उच्चारायचाच नसतो. आज सर्रास असलेल्या 'डब्ल्यूपीए-२' पद्धतीत पॅनल आणि राउटर चार संदेशांची देवघेव करतात आणि पासवर्ड न पाठवता, दोघांनाही तो ठाऊक असल्याचे गणिताने सिद्ध करतात. मात्र त्या चार संदेशांची नोंद कोणी हवेतून टिपून ठेवली, तर तो घरी बसून, निवांतपणे, लाखो शब्द ताडून पाहू शकतो. म्हणून आठ अक्षरांचा 'शाळेचे नाव आणि १२३' असा पासवर्ड फार काळ टिकत नाही. नियमाने तो ६३ अक्षरांपर्यंत लांब ठेवता येतो. चार असंबद्ध शब्द एकत्र जोडले तरी बळकट पासवर्ड तयार होतो आणि तो लक्षातही राहतो. २०१८ मध्ये आलेल्या 'डब्ल्यूपीए-३' ने घरबसल्या ताडण्याची ही वाट बंद केली. पॅनल आणि राउटर दोघांनाही ती येत असेल तर तीच निवडावी. सर्वांत जुनी 'डब्ल्यूईपी' पद्धत मात्र कुठे दिसली तर तत्काळ बदलावी. तिच्यातली फट २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिली आहे.

यादीत बऱ्याचदा एकाच राउटरची दोन नावे दिसतात, एकापुढे '५जी' असे लिहिलेले. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. एक लहर २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिली भिंतींतून बरी जाते. पण तिथे गर्दी फार, कारण एकमेकांना न छेदणारे मार्ग जेमतेम तीन (१, ६ आणि ११), आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. दुसरी वेगवान, पण जाड दगडी भिंत आणि पुस्तकांनी भरलेली लोखंडी कपाटे तिला मानवत नाहीत. जुन्या वाड्यातल्या ग्रंथालयात राउटर दुसऱ्या दालनात असेल तर २.४ घ्यावे, त्याच खोलीत असेल तर ५.

या लहरी आपण विनापरवाना वापरतो, हीदेखील अलीकडची गोष्ट आहे. घरच्या रेडिओसाठी पोस्टात परवाना भरावा लागे, हे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. त्याची मुळे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यात होती. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवान्यातून सूट मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये, तीही ठरावीक शक्तीच्या मर्यादेत; ५ गिगाहर्ट्झची मोठी सूट २०१८ मध्ये आली. आज खेड्यातल्या शाळेत वाय-फाय चालू करताना कोणाची परवानगी लागत नाही, त्यामागे ही वाटचाल आहे.

चार रकाने

तारेने या किंवा हवेतून या, आत शिरल्यावर दोघांनाही तेच चार रकाने भरावे लागतात. बहुतेक वेळा ते राउटर स्वतःच भरतो. सेटिंगमध्ये त्याला 'डीएचसीपी' म्हणतात. स्वतः भरायचे ठरवले तर 'स्टॅटिक' निवडावे लागते. आकडे पाहून माणूस बिचकतो, पण विचारलेले प्रश्न टपालखात्याचेच आहेत.

पहिला रकाना आयपी पत्ता, समजा १९२.१६८.१.५०. हा पॅनलचा घरक्रमांक. दुसरा मास्क, बहुधा २५५.२५५.२५५.०. पत्त्यातले पहिले तीन भाग आळीचे आणि शेवटचा घराचा, एवढेच तो सांगतो. तिसरा गेटवे, समजा १९२.१६८.१.१. ही वेस, आळीबाहेरचे पत्र इथून जाते. चौथा डीएनएस. संकेतस्थळाचे नाव सांगितले की त्याचा आकडी पत्ता शोधून देणारा हा जाणकार.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हजारो शाळांत तेच ते असतात, आणि त्यात चूक काही नाही. १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. गावोगावी 'वरची आळी' असते, तसेच हे. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच पत्ता.

एक उदाहरण

एका तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथालयातले पॅनल चार महिने बंद होते. वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले, 'जोडले' असेही लिहिलेले, पण एकही पान उघडेना. पॅनल बिघडले असा निष्कर्ष निघाला होता आणि निर्लेखनाचा ठराव मांडायची तयारी चालली होती. मी सेटिंग उघडून पाहिले. पॅनलचा पत्ता हाताने भरलेला होता, १९२.१६८.०.५०, आणि गेटवे १९२.१६८.०.१. ग्रंथपालांच्या मोबाइलला त्याच वाय-फायवर मिळालेला पत्ता मात्र १९२.१६८.१ ने सुरू होत होता. ग्रंथालयाने मध्यंतरी इंटरनेट कंपनी बदलली होती, नवा राउटर आला होता. जुन्या राउटरचेच वाय-फाय नाव आणि पासवर्ड नव्यावर ठेवले होते, म्हणून शब्द जुळत होता. आळीचे नाव मात्र बदलले होते. पॅनल जुन्या वेशीवर जाऊन उभे राहत होते, आणि तिथे वेसच उरली नव्हती. 'स्टॅटिक' च्या जागी 'डीएचसीपी' निवडले. एका मिनिटात १९३० च्या दशकातला एक अंक पडद्यावर उघडला.

अशा वेळी चाचपणी क्रमाने करावी. पॅनलच्या ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकावा. राउटरचे पान उघडले तर पॅनल आणि राउटर यांच्यातली जोडणी ठीक आहे. मग १.१.१.१ हा पत्ता टाकावा. तो इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता आहे. तेही उघडले, पण नावाने काहीच उघडत नसेल, तर दोष बहुधा डीएनएसच्या रकान्यात. गेटवे उघडला आणि पुढचे अडले, तर फोन इंटरनेट कंपनीला करावा, पॅनलच्या पुरवठादाराला नव्हे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उपकरणाला राउटरकडून पत्ताच मिळाला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. तिथे केबल किंवा राउटर तपासावा.

आणखी तीन गोष्टी नेहमी चकवतात. पहिली, बऱ्याच मोठ्या पॅनलमध्ये दोन संगणक असतात : एक पॅनलचा स्वतःचा, बहुधा अँड्रॉइडवर चालणारा, आणि दुसरा बाजूच्या खाचेत सरकवलेला विंडोजचा. दोघांची नेटवर्कची सेटिंग वेगळी असते. एक चालतो आणि दुसरा अडतो, यात नवल नाही. दुसरी, केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू असतील तर बहुतेक पॅनल केबलला मान देतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला इंटरनेट नसेल, तर वाय-फाय उत्तम असूनही गाडी अडू शकते. अशा वेळी केबल काढून पाहावी. तिसरी गोष्ट घड्याळाची. वीज बरेच दिवस नसली आणि आतली बारीक बॅटरी संपली, की पॅनलचा दिनांक काही वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. पॅनलच्या कालगणनेत ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ते दार उघडत नाही. दिनांक नीट केला की उघडते.

नोंद कोणाकडे?

वर सांगितलेल्यात कठीण असे काही नाही. दहावीच्या मुलाला एका दुपारी शिकवता येईल. मग पॅनल बंद का पडतात? माझ्या पाहण्यात आलेले कारण एकच : जोडणीचे ज्ञान संस्थेकडे नसते, ते एखाद्या माणसाकडे असते. बसवणारा तंत्रज्ञ पत्ता भरून जातो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. काही शाळांत पॅनल गुरुजींच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. त्यांची बदली झाली की नेटही त्यांच्याबरोबर जाते, आणि वर्गातली मुले पुन्हा काळ्या पडद्यासमोर बसतात. गुरुजींनी पदरमोड करून वर्ग चालवला, याचे कौतुकच आहे. पण शाळेची जोडणी शाळेच्या नावावर हवी.

यावर उपाय म्हणून नवे उपकरण घ्यावे लागत नाही. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत पॅनलच्या ओळीसमोर शेरा लिहायला जागा असते. तिथे एवढे उतरवावे : जोडणी तारेची की बिनतारी, केबल कोणत्या सॉकेटमधून येते, वाय-फायचे नाव, पत्ता राउटर देतो की हाताने भरला, आणि भरला असल्यास चारही रकान्यांतले आकडे, पॅनलचा मॅक क्रमांक, तारेचा आणि बिनतारीचा वेगवेगळा, इंटरनेट कंपनी आणि तिचा ग्राहक क्रमांक, शेवटचा बदल कोणी, कधी केला. मॅक क्रमांक म्हणजे यंत्राचा बारा अक्षरांकांचा अनुक्रमांक. तो राउटरमध्ये नोंदवला तर पत्ता डीएचसीपीनेच, पण दर वेळी तोच मिळतो. हाताने भरण्याची गरजच पडत नाही. नव्या अँड्रॉइडमध्ये मात्र वाय-फायसाठी खरा क्रमांक झाकून दुसरा दाखवला जातो, म्हणून मागच्या लेबलवरचा न उतरवता सेटिंगमध्ये दिसणारा उतरवावा.

वाय-फायचा पासवर्ड, आणि पॅनलच्या सेटिंगला वेगळा पासवर्ड असल्यास तोही, या वहीत लिहू नये. ते पाकिटात बंद करून किल्ल्यांच्या पेटीत ठेवावेत आणि पदभार देताना किल्ल्यांबरोबर त्यांचीही नोंद व्हावी. तारेचा भरवसा जागेवर असतो, बिनतारीचा शब्दावर. जागा सांभाळायला आपल्या संस्थांकडे कुलपे आहेत आणि शब्द सांभाळायला पाकिटे. राहिला तिसरा भरवसा, तो नोंदीवरचा. आणि नोंद करण्यात तर आपल्या ग्रंथालयांचा हात धरणारे कोणी नाही. दाखल नोंदवहीतल्या ओळीवरून ऐंशी वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही कपाटात नेमके सापडते. हीच शिस्त पॅनलच्या त्या एका ओळीला लाभली, तर त्याचे नाव जडवस्तूंच्या वहीत राहील, पण ते जड होऊन पडणार नाही.